एकाखाली एक ठेवलेल्या कार्डांमधली जागा नेमकी कोणाची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का तेही तुम्हाला ताडून पाहता येईल. कोथरूडच्या एका सोसायटीसाठी तुम्ही सभासदांचं वेबपान करताय. वर सोसायटीचं नाव, त्याखाली सूचनेची पट्टी, मग थकबाकीचं कार्ड, मग 'तक्रारी' असा मथळा आणि यादी, सगळ्यात खाली 'देखभाल शुल्क भरा' हे बटण. प्रत्येक घटकाला मार्जिन-बॉटम, म्हणजे खाली सोडलेली बाहेरची जागा, २४ पिक्सेल आहे आणि मथळ्याला वरून आणखी १६. मोबाइलवर कार्ड आणि मथळ्यात २४ दिसतात, लॅपटॉपवर तिथेच ४०. सूचना नसेल त्या दिवशी वर चक्क ४८. डिझायनर फिग्मात, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, मोजून सगळीकडे २४ म्हणतेय. शेवटी मथळ्याच्या वर उणे १६ मार्जिनचा एक रिकामा डिव्ह (पानावरचा साधा डबा) टाकून तुम्ही लॅपटॉपवरचं जुळवलंत, आणि आता विचारताय की मार्जिन, पॅडिंग (डब्याच्या आतली जागा) आणि गॅप (डब्याने आतल्या घटकांमध्ये सोडलेली जागा) यांतलं बरोबर काय, आणि टेलविंड या तयार स्टाइलच्या संचातलं स्पेस-वाय चालेल का.

मोबाइलवर पान एकदा परत उघडून बघा. तिथे तो रिकामा डिव्ह टाकल्यापासून २४ चे ८ झाले असणार. का, ते पुढे सांगते.

तिन्ही पर्याय आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्या पानावर गोंधळ झालाय तो मालकीचा. कार्डाला वाटतं खालची जागा माझी, मथळ्याला वाटतं वरची जागा माझी, आणि दोघांच्या मध्ये एकच मोकळी पट्टी आहे. दोन फ्लॅटच्या मधला पॅसेज दोघांपैकी कोणाचाच नसतो, सोसायटीचा असतो. तिथे कोणी चपलांचं कपाट ठेवलं की भांडण ठरलेलं. इथेही तसंच. दोन घटकांमधली जागा त्यांना पोटात घेणाऱ्या डब्याची, म्हणजे पेरेंटची. मी कोणाचाही कोड रिव्ह्यू करताना पहिल्यांदा हेच बघते: पुन्हा पुन्हा वापरायच्या कंपोनंटने स्वतःच्या अंगाबाहेर मार्जिन लावलंय का. लावलं असेल तर तो कंपोनंट आपण कुठे बसणार आहोत हे आधीच ठरवून आलाय. थकबाकीचं कार्ड आज या पानावर आहे, उद्या कमिटीच्या डॅशबोर्डवर दोन रांगांत बसेल, परवा पॉप-अपमध्ये एकटंच असेल. त्याच्या पायाला बांधलेले २४ पिक्सेल तिथे कोणालाच नको असतील.

आता तुमचे आकडे एकेक करून. ब्लॉक पद्धतीच्या मांडणीत, म्हणजे साध्या डिव्हखाली साधा डिव्ह असताना, वरच्याचं खालचं मार्जिन आणि खालच्याचं वरचं मार्जिन यांची बेरीज होत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि मोठं असेल ते उरतं. २४ आणि १६ मधून २४. यालाच मार्जिन कोलॅप्स म्हणतात. नियम १९९६ च्या पहिल्या सीएसएसपासूनचा (पानाचं रूप ठरवणारी भाषा) आहे आणि त्या काळी तो शहाणपणाचा होता, कारण वेब म्हणजे मुख्यतः लेख आणि कागदपत्रं. प्रत्येक परिच्छेदाला वर-खाली एक एम (अक्षराच्या मापाएवढं) मार्जिन असावं, पण दोन परिच्छेदांत ते दुप्पट होऊ नये, एवढाच हेतू. तुमचा मोबाइल लेआउट ब्लॉकच आहे, म्हणून तिथे २४.

लॅपटॉपसाठी तुम्ही त्याच डब्याला मीडिया क्वेरीत (ठरावीक रुंदीच्या स्क्रीनलाच लागणाऱ्या नियमात) डिस्प्ले फ्लेक्स आणि दिशा कॉलम केलंय. फ्लेक्स आणि ग्रिड या मांडणीच्या पद्धतींत आयटमांची, म्हणजे डब्यातल्या थेट घटकांची, मार्जिनं एकमेकांत मिसळत नाहीत, सरळ बेरीज होते. २४ अधिक १६, चाळीस. कार्डाचा कोड एकच, पेरेंट बदलला आणि आकडा बदलला.

उणे मार्जिनचा हिशोब आणखी निराळा. ब्लॉकमध्ये उणे मार्जिन मिसळायला आलं तर सगळ्यांत मोठं अधिक आणि सगळ्यांत मोठं उणे यांची बेरीज होते. उंची, पॅडिंग, बॉर्डर काहीच नसलेला रिकामा डिव्ह तर आरपार मिसळतो, म्हणजे त्याच्या वरचं आणि खालचं सगळं एका ढिगात जातं. तुमच्या मोबाइलवर त्या ढिगात २४ आहे, १६ आहे आणि उणे १६ आहे. चोवीसातून सोळा गेले, आठ राहिले. लॅपटॉपवर फ्लेक्समध्ये २४ उणे १६ अधिक १६, म्हणून २४, म्हणून तुम्हाला वाटलं जमलं. एकाच डब्याची वरची आणि खालची मार्जिनं आपोआप मिसळू द्यायलाच नको होती, हे सीएसएस घडवणाऱ्या कार्यगटाने स्वतःच्या चुकांच्या जाहीर यादीत लिहून ठेवलंय. तेव्हा हे डोक्यात बसलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

राहिले ४८. सूचनेच्या पट्टीचं उदाहरण इथे फार छान आहे. गुरुवारी पाणीपुरवठा बंद असला की पट्टीत मजकूर येतो. पुणेकराला वेगळं सांगायला नको. बाकीच्या दिवशी मजकूर नसतो, पण तुमच्या कोडमध्ये अट आतल्या मजकुरावर आहे, बाहेरचा डिव्ह तसाच छापला जातोय. शून्य उंचीचा डिव्ह, त्याला खालून २४ आणि वर सोसायटीच्या नावाचे २४. फ्लेक्समध्ये बेरीज ४८. आणि इथे एक सावधगिरी: नुसतं गॅपवर गेलात तरी हा रोग जाणार नाही. गॅप दोन आयटमांच्या मध्ये पडतो आणि रिकामा आयटमही आयटमच. नाव आणि रिकामा डिव्ह यांत एक गॅप, रिकामा डिव्ह आणि कार्ड यांत दुसरा. परत ४८च. उपाय असा की अट बाहेरच्या डिव्हवर न्या, सूचना नसेल तर काहीच छापू नका. ते हातात नसेल तर त्याला डिस्प्ले नन करा. तसा आयटम गॅपच्या मोजणीत येत नाही. व्हिजिबिलिटी हिडन मात्र येतो, तो जागा अडवून बसतो. एम्प्टी नावाचा स्यूडो-क्लास (घटकाच्या अवस्थेवरून तो निवडणारी खूण) लावून रिकामे डिव्ह लपवता येतात, पण टेम्प्लेटमधून आत एक स्पेस किंवा नवी ओळ जरी गेली तरी ब्राउझर त्याला रिकामं मानत नाही. सर्व्हरवर छापलेल्या पानांत हे हमखास फसतं.

मग मी तुमच्या जागी काय करीन? मुख्य डब्याला मोबाइलवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे डिस्प्ले फ्लेक्स, दिशा कॉलम, गॅप २४. आतल्या सगळ्या थेट मुलांची वरची-खालची मार्जिनं शून्य. उणे मार्जिनचा डिव्ह काढून टाका. मथळा आणि यादी यांना एका सेक्शनमध्ये घाला आणि त्या सेक्शनला स्वतःचा फ्लेक्स कॉलम, गॅप १२. म्हणजे मथळा आपल्या यादीच्या जवळ, आणि सेक्शन बाकीच्यांपासून २४ वर. वेगळ्या जोडीला वेगळी जागा हवी असेल तर पहिला उपाय हाच: गट करा. जवळ असलेल्या गोष्टी डोळा एक मानतो, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमरने १९२३ मध्येच मांडलं होतं. गटाच्या आतली जागा बाहेरच्या जागेपेक्षा ठळकपणे कमी ठेवली की वापरणाऱ्याला रेघा-चौकटींची गरज पडत नाही. मी साधारण निम्मी ठेवते. २४ आणि २० असं ठेवलंत तर कोणालाही फरक कळणार नाही, फक्त काहीतरी वाकडं आहे असं वाटत राहील.

फ्लेक्स कॉलम केल्यावर दोन गोष्टी तुम्हाला चकवतील. बटण डावीकडून उजवीकडे पूर्ण ताणलं जाईल, कारण आडव्या दिशेला ताणणं हा मूळ स्वभाव आहे. मोबाइलवर ते बहुतेक हवंच असतं. लॅपटॉपवर बटणाला अलाइन-सेल्फ स्टार्ट द्या. आणि तक्रारींच्या यादीत रुंद टेबल असेल म्हणून तुम्ही फ्लेक्सऐवजी ग्रिड वापरलंत, तर कॉलमची किमान रुंदी शून्य करायला विसरू नका, म्हणजे मिनमॅक्स शून्य ते एक एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा). नाहीतर ते टेबल अख्खं पान आडवं सरकवेल.

पॅडिंगचं काम वेगळं आहे. ते डब्याच्या आतल्या कडेपासून मजकुरापर्यंतचं अंतर. पार्श्वरंग असलेल्या कार्डाला पॅडिंग कार्डाने स्वतःच ठेवावं, ती त्याची घरची जागा आहे. तुमच्या पानाच्या तळाशी जी जादा रिकामी पट्टी दिसतेय ती पांढऱ्या पॅनेलचं २४ पॅडिंग आणि शेवटच्या घटकाचं २४ मार्जिन यांची बेरीज. गॅप पहिल्याच्या वर आणि शेवटच्याच्या खाली पडतच नाही, त्यामुळे ती पट्टी आपोआप जाईल, लास्ट-चाइल्डचा नियम लिहायला नको. याउलट, पॅडिंग आणि बॉर्डर नसलेल्या रंगीत डब्यात पहिला मथळा ठेवलात तर त्याचं वरचं मार्जिन डब्याबाहेर निसटतं आणि अख्खा रंगीत डबाच खाली सरकतो. तिथे डिस्प्ले फ्लो-रूट दिलं की मार्जिन आत कोंडलं जातं.

तुम्हाला शोधताना जी जुनी उत्तरं सापडली त्यांत गॅपचं नाव नाही, याचं कारण साधं आहे. ग्रिड २०१७ मध्ये मोठ्या ब्राउझरांत आलं आणि त्यात ही सोय होती. फ्लेक्सबॉक्समध्ये मात्र फायरफॉक्सने ती २०१८ मध्ये दिली, क्रोमने २०२० च्या मध्यावर आणि सफारीने १४.१ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२१ ला. तोपर्यंत सगळेच मार्जिनच्या कसरती करत होते. त्या कसरतींत मला अजून आवडते ती वेब डिझायनर हेडन पिकरिंगने २०१४ मध्ये लोकांपुढे आणलेली घुबड-युक्ती: तारा, अधिक, तारा असा सिलेक्टर (नियम कोणाला लागेल ते सांगणारी खूण), जो पहिला सोडून प्रत्येक भावंडाला वरचं मार्जिन देतो. चिन्हं शेजारी लिहिली की घुबडाचं तोंड दिसतं. तिथेही जागा पेरेंटच्या नियमातून येते, मूल स्वतः काही ठरवत नाही.

ही युक्ती आजही एका ठिकाणी गॅपपेक्षा सरस आहे: एडिटरमधून आलेला सलग मजकूर. तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पानावर टाकायचं झालं, तर त्यात परिच्छेद, उपमथळे, याद्या, मध्येच एखादं टेबल असं काहीही येईल, आणि त्याचे गट करून देणारं कोणी नसेल. तिथे सगळीकडे सारखा गॅप ठेवला तर उपमथळा वरच्या आणि खालच्या मजकुराच्या अगदी मधोमध लटकतो. त्यापेक्षा तो भाग साधा ब्लॉक राहू द्या, प्रत्येक घटकाला वरून एक एम, उपमथळ्याला वरून दोन एम. एम वापरलं की जागा अक्षराच्या मापाबरोबर वाढते, हा फायदा वेगळाच. थोडक्यात सांगायचं तर तुम्ही रचलेल्या इंटरफेसला गॅप, दुसऱ्या कोणी लिहिलेल्या मजकुराला मार्जिन, आणि रंगीत डब्याच्या आतल्या श्वासाला पॅडिंग.

आता डिझायनरची तक्रार. तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी ती म्हणेल २४ दिसत नाहीत, आणि तिचंही खरं असेल. ब्राउझर डब्यापासून डब्यापर्यंत मोजतो, डोळा अक्षरापासून अक्षरापर्यंत. मजकुराच्या डब्यात ओळीची उंची म्हणजे लाइन-हाइट धरलेली असते, आणि अक्षराच्या वर-खाली उरलेली जागा तुमच्या २४ मध्ये दिसायला मिळवली जाते. मराठीत हे जास्त जाणवतं. 'पाणीपट्टी' हा एकच शब्द घ्या: वर वेलांट्या, खाली एकावर एक बसलेले दोन ट. रोमन अक्षरांसाठी ठरवलेली १.२ किंवा १.३ ची लाइन-हाइट इथे लावली तर दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीचा जोडाक्षराचा पाय आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. मी मराठी मजकुराला १.६ ते १.७ ठेवते, मथळ्याला १.४ च्या खाली जात नाही. नक्की आकडा फाँटवर ठरेल. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे फाँट एकाच मापात ठेवले तरी सारखे बसत नाहीत.

लाइन-हाइट नॉर्मलवर मात्र सोडू नका. तुमचा मुख्य फाँट रोमन असेल आणि मराठी अक्षरं दुसऱ्या फाँटमधून उसनी येत असतील, तर नॉर्मलमध्ये तो दुसरा फाँट ओळीची उंची वाढवतो. मग नुसता फ्लॅट नंबर रोमन लिपीत लिहिलेली ओळ ठेंगणी आणि 'थकबाकी' लिहिलेली ओळ उंच. शेजारीशेजारी कार्डं असली की हे लगेच डोळ्यांत येतं, आणि माणूस मार्जिनला दोष देत बसतो. आकडा दिला की उंची एकसारखी होते. अक्षरावरची-खालची जादा जागा कापणारं टेक्स्ट-बॉक्स-ट्रिम हे सीएसएस सफारीच्या १८.२ आणि क्रोमच्या १३३ आवृत्तीपासून चालतं, पण ते सहसा रोमन कॅपिटलच्या उंचीपाशी कापायला सांगितलेलं असतं. मराठी मात्रा त्या रेषेच्या वर जातात आणि वरच्या घटकाच्या अंगावर येतात. इंग्रजी आकड्यांच्या टाइलवर वापरा, मराठी मथळ्यांवर मोजून-मापूनच.

चित्राखाली चार-पाच पिक्सेलची अनाकलनीय फट दिसत असेल तर तीही याच घराण्यातली: चित्र ओळीतल्या अक्षरासारखं बेसलाइनवर, म्हणजे अक्षरांच्या तळरेषेवर, बसतं आणि खाली लोंबणाऱ्या अक्षरांसाठी जागा सोडतं. डिस्प्ले ब्लॉक करा, विषय संपला. फ्रेमवर्क कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. अँग्युलर असेल तर कंपोनंटचा होस्ट (बाहेरचा टॅग) मुळात इनलाइन, म्हणजे ओळीत अक्षरासारखा बसणारा, असतो आणि त्याला दिलेलं वरचं-खालचं मार्जिन काहीच करत नाही, हे लक्षात ठेवा.

आकडे पिक्सेलमध्ये की रेममध्ये (ब्राउझरमधल्या मूळ अक्षराच्या मापाशी जोडलेलं एकक), यावर माझं ठाम मत नाही, पानावर अवलंबून आहे. सोसायटीच्या पानाला ज्येष्ठ सभासद बरेच असणार, आणि ते ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करून ठेवतात. मजकुराच्या आसपासची जागा अक्षरांबरोबर वाढलेली बरी, म्हणून गटाच्या आत रेम. कार्डाकार्डांमधली मोठी जागा मात्र ३६० पिक्सेलच्या फोनवर दुप्पट झाली तर स्क्रीनवर मजकुरापेक्षा मोकळं मैदानच जास्त दिसतं. तिथे मी पिक्सेल चालवून घेते. कार्डांना ठरावीक उंची देऊन जागा जुळवू नका, एवढं मात्र ठाम सांगते. 'देखभाल शुल्क भरा' दोन ओळींत गेलं की ती उंची फुटते. शिवाय डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या नियमावलीनुसार वापरणाऱ्याने लाइन-हाइट दीडपट आणि परिच्छेदांतलं अंतर अक्षराच्या दुप्पट केलं तरी मजकूर कापला जाता कामा नये.

बदल केल्यावर पान चार अवस्थांत बघा: सूचना असताना, नसताना, तक्रारी शून्य असताना, आणि थकबाकीच्या कार्डावर सभासदाचं नाव तीन ओळींत जात असताना. डिझायनरला विचारा की तिची फ्रेम ऑटो लेआउटमध्ये (फिग्माच्या आपोआप मांडणीत) आहे का. असेल तर तिथलं आयटममधलं अंतर म्हणजेच तुमचा गॅप आणि फ्रेमचं पॅडिंग म्हणजे तुमचं पॅडिंग; आकडे जसेच्या तसे उचलता येतात. हाताने सरकवून ठेवलेले चौकोन असतील तर तिच्या २४ ला फारसा अर्थ नाही, कुठून कुठपर्यंत मोजलेत ते आधी ठरवून घ्या.

टेलविंडचं स्पेस-वाय: नव्या पानावर वापरू नका, फ्लेक्स-कॉलम आणि गॅप लिहा. स्पेस-वाय म्हणजे आतून मार्जिनच आहे. आवृत्ती ३ मध्ये ते पहिला सोडून बाकीच्यांना वरचं मार्जिन द्यायचं, जानेवारी २०२५ च्या आवृत्ती ४ मध्ये शेवटचा सोडून बाकीच्यांना खालचं देतं. तुम्ही एखाद्या मुलावर वरचं मार्जिन वेगळं लिहून स्पेस-वायला बगल दिली असेल, तर अपग्रेडनंतर ती बगल चालणार नाही, दोन्ही मार्जिनं लागतील. जुन्या पानांवर असेल तिथे अपग्रेडच्या आधीच शोधून बदलून घ्या, नंतर एकेक पान उघडून मोजत बसावं लागेल.